सिटी कौन्सिल सेल्स टॅक्स वाढवायचं म्हणतंय? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी प्रस्ताव वाचण्याची रीत

घरी एक गुळगुळीत रंगीत पत्रक येतं. त्यावर हसरी मुलं, नवी बाग, नव्या वाचनालयाचं चित्र आणि खाली एक ओळ: 'फक्त अर्धा सेंट'. नव्याने अमेरिकेत आलेले आपण बहुतेक जण ते पत्रक पिझ्झाच्या कुपनांबरोबर रद्दीत टाकतो, कारण शहराने कर वाढवण्याआधी लोकांना विचारायचं असतं ही गोष्टच आपल्या अनुभवात नसते. पुणे-ठाण्यात घरपट्टी वाढवायची तर निर्णय महापालिकेत होतो, आपल्या हाती येतं ते फक्त बिल. मालावरचा महापालिकांचा स्वतःचा कर म्हणजे जकात. मुंबईत तोही १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेला आणि आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून असते. इथे उलटं आहे. पुष्कळ राज्यांत शहराला सेल्स टॅक्सचा, म्हणजे विक्रीकराचा, स्वतःचा हिस्सा ठेवता येतो, पण तो वाढवायला बहुधा मतदारांची परवानगी लागते.

मी खाली जो क्रम दिला आहे तो पत्रकाच्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे. पत्रक आधी बाग दाखवतं आणि कराची मुदत शेवटी, बारीक अक्षरांत. तुम्ही मुदत आधी वाचा, बाग नंतर.

पहिली पायरी: आज किती भरता ते पाहा

भारतात एमआरपीत कर धरलेला असतो. इथे फळीवरच्या किमतीत नसतो, तो काउंटरवर चढतो. दुकानाची कुठलीही पावती घेतली की कराचा दर कळतो. त्यातला किती वाटा कुणाचा, हे मात्र पावतीवर क्वचितच असतं. त्यासाठी राज्याच्या कर खात्याच्या वेबसाइटवर आपला पत्ता टाका.

ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण घेऊ, कारण सेल्स टॅक्सवर सार्वजनिक सोयी उभारण्यात या शहराइतका पक्का हात क्वचितच कुणाचा बसलाय. तिथे शहराच्या मुख्य भागात दर ८.६२५ टक्के आहे. त्यातले ४.५ टक्के राज्याचे, ४.१२५ शहराचे. शहराच्या वाट्याची पुन्हा फोड अशी: २.२५ टक्के रोजच्या कारभाराला, ०.७५ पोलिस आणि अग्निशमन दलाला, ०.१२५ प्राणिसंग्रहालयाला, आणि पूर्ण १ टक्का 'मॅप्स' नावाच्या कार्यक्रमाला, म्हणजे नव्या सोयी बांधायला. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट निव्वळ प्राणिसंग्रहालयासाठी! अशी फोड आपल्या शहराची करून ठेवली की नवा प्रस्ताव नक्की कुठे बसणार आहे ते दिसतं.

तुम्ही न्यू जर्सीत असाल, एडिसनमध्ये वगैरे, तर हा लेख तुमच्या फारशा कामाचा नाही. तिथे ६.६२५ टक्के हा दर राज्याचा. शहराला वर स्वतःचा सेल्स टॅक्स लावता येत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमध्येही तसंच. ओरेगॉनमध्ये तर सेल्स टॅक्सच नाही.

टेक्सासची गंमत वेगळी. राज्याचे ६.२५ टक्के, आणि स्थानिक संस्थांना सगळ्या मिळून जास्तीत जास्त २. एकूण ८.२५ च्या वर दर जाऊच शकत नाही. त्यामुळे डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या गावांत मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत, तिथे भांडण दर वाढवण्याचं नसतं, आहेत त्या दोन टक्क्यांच्या वाटणीचं असतं. प्लॅनोने त्यातला एक टक्का 'डार्ट' या बस-रेल्वे संस्थेला दिलेला आहे. फ्रिस्को डार्टमध्ये नाही. तिथे तोच टक्का अर्धा अर्धा करून उद्योगवाढ आणि सामुदायिक विकास अशा दोन मंडळांकडे जातो. प्लॅनोत डार्टची रेल्वे आहे आणि फ्रिस्कोत नाही, याची मुळं अशी सेल्स टॅक्सच्या हिशेबात सापडतात. मे २०२५ मध्ये फ्रिस्कोच्या मतदारांसमोर परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरच्या पैशाचे दोन प्रस्ताव आले होते. दोन्ही त्यांनी फेटाळले.

दुसरी पायरी: सेंटचं गणित

'एक सेंट' म्हणजे दर डॉलरमागे एक सेंट, म्हणजेच एक टक्का. 'अर्धा सेंट' म्हणजे अर्धा टक्का. ऐकायला चिल्लर वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच तो शब्द वापरतात. दर ८ वरून ९ झाला तर तुमचा कर एक टक्क्याने वाढत नाही, साडेबारा टक्क्यांनी वाढतो.

घरचा हिशेब अगदी सोपा आहे. महिन्याचं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि ज्यावर सेल्स टॅक्स लागतो तेवढ्याच खर्चाची बेरीज करा. घरभाडं, मॉर्टगेज, डेकेअर सहसा बाहेर राहतात. कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, फर्निचर, हॉटेलातलं जेवण आत येतं, पण कपड्यांना काही राज्यांत सूट असते. समजा बेरीज १८०० डॉलर झाली, तर एक टक्का म्हणजे महिन्याला १८, वर्षाला २१६ डॉलर. अॅमेझॉनवरून मागवून हा कर टळत नाही. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्यांनाही कर गोळा करायला लावता येतो, आणि बहुतेक वेळा माल ज्या पत्त्यावर येतो तिथला दर लागतो. कॅलिफोर्नियात मोटारीचंही असंच: शेजारच्या स्वस्त गावातून घेतली तरी नोंदणी जिथे होते तिथला दर बसतो.

किराण्याचं मात्र राज्यागणिक वेगळं. टेक्सासमध्ये डाळ, तांदूळ, भाजी, दूध यांवर सेल्स टॅक्स नाही. ओक्लाहोमात राज्याने आपला ४.५ टक्क्यांचा हिस्सा २९ ऑगस्ट २०२४ पासून किराण्यावरून काढला, शहराचा हिस्सा मात्र तसाच राहिला. म्हणजे तिथे 'मॅप्स'च्या सोयींसाठीचा कर पिठाच्या पिशवीवरही लागतो. ज्याची सगळी कमाई महिन्याच्या खर्चातच जाते, त्याच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा या करात जातो. आयटीतला पगारदार निम्मा पगार गुंतवतो, त्याला तो जाणवतही नाही. आपल्याला २१६ डॉलर परवडतात म्हणून हो म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण हिशेब फक्त स्वतःच्या घराचा करून थांबू नये असं मला वाटतं.

तिसरी पायरी: कर कधी संपणार ते शोधा

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ओक्लाहोमा सिटीची गोष्ट १९९१ पासून सुरू होते. युनायटेड एअरलाइन्सला विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. ते मिळावं म्हणून शहराने सवलती देऊ केल्या, तरी कंपनीने इंडियानापोलिस निवडलं. शहरात राहावंसं वाटेल असं काही नाही, हे मेयर रॉन नॉरिक यांनी मनावर घेतलं आणि त्यातून 'मॅप्स' आलं. एक सेंट कर, पाच वर्षं, त्यातून नऊ कामं: बेसबॉलचं मैदान, ब्रिकटाउन या भागातला कालवा, नदीकाठ, वाचनालय, अरीना (खेळांसाठीचं मोठं बंदिस्त सभागृह), जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण वगैरे. कामं एकेक करून निवडायची सोय नव्हती. घ्यायची तर सगळी, नाही तर एकही नाही. १४ डिसेंबर १९९३ ला सुमारे ५४ टक्के मतांनी ते मंजूर झालं.

पाच वर्षांत पैसे पुरले नाहीत, म्हणून आणखी सहा महिने मागावे लागले, आणि मतदारांनी दिलेही. १९९९ मध्ये कर खरोखरच थांबला. मग शाळांसाठी 'मॅप्स फॉर किड्स' आलं आणि २००२ पासून तो सेंट परत सुरू झाला. त्यानंतर तो आजतागायत थांबलेला नाही. शाळांची मुदत २००८ अखेर संपली, लगेच अरीना सुधारण्यासाठी १५ महिने. ते संपताच एप्रिल २०१० पासून मॅप्स ३, ७७.७ कोटी डॉलरचं. ते २०१७ अखेर संपलं तर २७ महिने रस्त्यांसाठी. मग १ एप्रिल २०२० पासून मॅप्स ४, आठ वर्षांसाठी, ९७.८ कोटी डॉलरचं. ते २०२८ मध्ये संपायचं आहे, पण त्यापुढची ७२ महिन्यांची सोयही १२ डिसेंबर २०२३ लाच झाली: नव्या अरीनासाठी, किमान ९० कोटी डॉलर.

अशा मुदतवाढीच्या प्रचारात एक वाक्य ठरलेलं असतं: 'तुमचा कर वाढणार नाही'. ते खोटं नाही. पण नको म्हटलं असतं तर डॉलरमागे एक सेंट कर कमी झाला असता, हे त्या वाक्यात येत नाही. म्हणून प्रस्तावात 'चालू ठेवणे', 'मुदतवाढ', 'नूतनीकरण' असे शब्द दिसले की स्वतःला विचारा: हा प्रस्ताव पडला तर माझा दर किती होईल?

ओक्लाहोमा सिटीचे लोक फसले असं मी म्हणत नाही. ते दर वेळी हो म्हणत आले, आणि २०१९ मध्ये तर जवळपास ७२ टक्क्यांनी. डाउनटाउन ओस पडलेल्या शहरात आज कालव्याकाठी गर्दी असते. निदान दर थोड्या वर्षांनी त्यांना पुन्हा विचारलं तरी जातं. मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कॅन्सस सिटीच्या चीफ्स आणि रॉयल्स या संघांच्या स्टेडियमसाठी तीन अष्टमांश सेंट मागितला, तो ४० वर्षांसाठी. २ एप्रिल २०२४ ला ५८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. सॅन डिएगोच्या कौन्सिलने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक सेंट मागितला होता, त्याला शेवटची तारीखच नव्हती. तो अगदी निसटत्या फरकाने पडला.

चौथी पायरी: आश्वासन कुठल्या कागदावर आहे?

कर दोन प्रकारचे असतात. एक, सर्वसाधारण: पैसा शहराच्या एकत्र तिजोरीत जातो आणि पुढे कौन्सिल ठरवेल तसा खर्च होतो. दुसरा, खास कामापुरता: पैसा त्याच कामाला बांधलेला. कॅलिफोर्नियात या फरकाला फार वजन आहे. मतदारांनीच १९९६ मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन २१८ या नियमानुसार सर्वसाधारण कराला मतदारांचं साधं बहुमत पुरतं, पण कौन्सिलने आणलेल्या खास कराला दोन तृतीयांश लागतं. साहजिकच कौन्सिलं सर्वसाधारण कर मांडतात आणि पत्रकावर बागा, वाचनालयं, खड्डे बुजवणं यांची यादी छापतात. ती यादी बंधनकारक नसते.

ओक्लाहोमात वेगळ्या वाटेने तिथेच पोचतात. मॅप्स ४ च्या मतपत्रिकेवर सोळा कामांची नावं नव्हती; भांडवली कामांसाठी कर, एवढाच विषय होता. कामांची यादी कौन्सिलच्या एका वेगळ्या ठरावात होती, आमचा असा इरादा आहे अशा स्वरूपाची. एका प्रस्तावात अनेक विषय कोंबू नयेत या कायद्याच्या बंधनामुळे तसं केलं जातं. आजवर तिथल्या कौन्सिलने शब्द पाळला आहे, पण ती पत आहे, करार नव्हे. तुमच्या कौन्सिलची तशी पत आहे का, हे मागच्या बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) किंवा मागच्या कराच्या कामांवरून तपासा.

तेव्हा पत्रक बाजूला ठेवा आणि मूळ कागद मिळवा: ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा स्थानिक कायदा, आणि त्यासोबतचा ठराव. दोन्ही सिटी क्लर्कच्या (शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) वेबपानावर किंवा कौन्सिलच्या बैठकीच्या अजेंड्याला जोडलेले असतात. त्यांत दर, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख आणि पैशाचा उपयोग एवढ्या चार गोष्टींना खुणा करा. कॅलिफोर्नियात मतदारांच्या पुस्तिकेत शहराच्या किंवा काउंटीच्या कायदा सल्लागाराचं तटस्थ विश्लेषण असतं, बाजूने आणि विरोधात लिहिलेले युक्तिवादही असतात. आधी विरोधातला वाचा. तो भडक असला तरी नेमकं बोट कुठे ठेवायचं ते त्यातून समजतं.

पाचवी पायरी: रोख की उधार, आणि नंतर चालवणार कोण

मूळ मॅप्सची खासियत ही की पैसे आधी साठवायचे आणि मग बांधायचं, कर्ज काढायचं नाही. त्यामुळे व्याज द्यावं लागलं नाही, उलट जमलेल्या रकमेवर ५ कोटींहून अधिक डॉलर व्याज मिळालं. किंमत मोजावी लागली ती वेळेची. मत १९९३ चं, बेसबॉलचं मैदान उघडलं १९९८ मध्ये, कालवा १९९९, अरीना २००२, आणि वाचनालय २००४. ज्यांची मुलं तेव्हा बालवाडीत होती ती वाचनालय उघडेपर्यंत हायस्कूलात गेली. कर्ज काढून बांधलं की सोय लवकर मिळते, पण मग कर फेडीपर्यंत चालतो. दोन्हींत आपापलं शहाणपण आहे. तुमच्या प्रस्तावात काय आहे एवढं माहीत हवं.

दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. पोहण्याचा तलाव बांधला, पण जीवरक्षकाचा पगार कोण देणार? इमारत एकदाच बांधायची असते. वीज, सफाई, कर्मचारी दर वर्षी लागतात. मॅप्स ४ मध्ये काही कामांसाठी चालवण्याच्या खर्चाचा निधीही आधीच बाजूला ठेवला आहे, आणि माझ्या मते त्या कार्यक्रमातली ही सगळ्यांत समंजस गोष्ट. तुमच्या प्रस्तावात अशी तरतूद नसेल तर तो खर्च उद्या पोलिस, रस्ते, कचरा यांच्या पैशातून निघेल.

व्यावसायिक संघाच्या स्टेडियमचा प्रस्ताव असेल तर आणखी एक आकडा बघा: मालक किती घालतो. ओक्लाहोमा सिटीच्या नव्या अरीनात थंडर या बास्केटबॉल संघाचा वाटा ५ कोटी डॉलर, बदल्यात २५ वर्षं शहरात राहण्याची हमी. याच संघासाठी, म्हणजे एनबीएचा संघ आणण्यासाठी, २००८ मध्ये जुन्या अरीनाच्या सुधारणेला कर मंजूर झाला होता, आणि ते अरीना मुळात पहिल्या मॅप्समधून बांधलेलं. सौदा चांगला की वाईट यावर तिथेही वाद झाले. ७१ टक्क्यांनी तो मान्य केला.

सहावी पायरी: बैठकीत जा. व्हिसावर असलात तरी

कौन्सिलच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. नागरिक असायची अट नाही, बोलायलाही नाही. प्रस्ताव मतपत्रिकेवर जाण्याआधी कौन्सिलला तो जाहीर बैठकीत मंजूर करावा लागतो आणि यादीत फेरफार होऊ शकतो तो याच टप्प्यावर. एकदा मतपत्रिकेवर गेला की फक्त हो किंवा नाही.

अजेंडा आधी जाहीर होतो. कॅलिफोर्नियात नियमित बैठकीच्या किमान ७२ तास आधी. त्यात आपल्या विषयाचा क्रमांक शोधा. दाराशी किंवा ऑनलाइन नाव नोंदवायचं असतं. बोलायला सहसा दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि घड्याळ खरंच चालू असतं. 'आदरणीय मेयर, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल' असं पाल्हाळ लावलंत तर निम्मा वेळ त्यातच जाईल. नाव सांगा, कुठल्या भागात राहता ते सांगा, आणि एकच मागणी करा. उदाहरणार्थ: आमच्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथ नाही, त्याचं नाव ठरावाच्या यादीत लिहा. 'बागा हव्यात' असं मोघम बोलणारे दहा जण येतात. नेमकं बोलणाऱ्याच्या म्हणण्याची टिपणी होते. कौन्सिल सदस्य बहुधा तिथेच उत्तर देत नाहीत, तसा प्रघातच आहे. त्याचा राग मानू नका. दुसऱ्या दिवशी आपल्या वॉर्डाच्या सदस्याला चार ओळींचा ईमेल टाका.

मराठी मंडळाला गणेशोत्सवासाठी सभागृह मिळत नाही, मिळालं तर भाडं परवडत नाही, ही जुनी रड आहे. नवं कम्युनिटी सेंटर कर लावून बांधलं जात असेल तर सभागृह केवढं, स्वयंपाकघर आहे का, स्थानिक संस्थांना दर काय, हे विचारायची वेळ हीच. मंडळाकडून बोलायचं असेल तर कार्यकारिणीला आधी विचारा. करमुक्त संस्थांना अशा प्रस्तावांवर भूमिका घेता येते, पण त्याला मर्यादा असतात.

सातवी पायरी: मत द्यायचं की नाही, हे आधी तपासा

इथे चूक महागात पडते म्हणून स्पष्ट लिहितो. एच-१बी, एल-१, एफ-१, ग्रीन कार्ड, यांपैकी काहीही असलं तरी तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही आणि अशा प्रस्तावावर जवळपास कुठल्याही शहरात मत देऊ शकत नाही. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारखी थोडी गावं स्थानिक निवडणुकीत परवानगी देतात, पण तो अपवाद. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि काउंटरवरचा माणूस सवयीने विचारतोही. उत्तर 'नाही' असंच द्या. घाईत खूण केली, नागरिक असल्याचं जाहीर केलं, तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडचणीत येऊ शकतात. 'मला कळलं नाही' हे कारण तिथे चालेलच असं नाही. असं काही आधीच झालं असेल तर इमिग्रेशन वकिलाला गाठा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ला मागत बसू नका.

नागरिक असाल तर नोंदणीची मुदत पाहा. टेक्सासमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी, कॅलिफोर्नियात १५. अशी मतदानं पुष्कळदा आडवेळी असतात. ओक्लाहोमा सिटीची वर आलेली बरीच मतदानं डिसेंबरमधल्या एखाद्या मंगळवारची आहेत. १९९३, २००९, २०१९, २०२३. त्या दिवशी अध्यक्षाची निवडणूक नसते, टीव्हीवर गाजावाजा नसतो, थोडे लोक येतात. म्हणूनच तिथे एकेका मताचं वजन जास्त.

मंजूर झाल्यावर

कर लगेच लागू होत नाही. मॅप्स ४ ला मत १० डिसेंबरला पडलं आणि कर एप्रिलपासून सुरू झाला. कॅलिफोर्नियात नवा दर सहसा तिमाहीच्या पहिल्या तारखेला लागू होतो. फर्निचर किंवा गाडी घ्यायचीच असेल तर ती तारीख बघून ठेवायला हरकत नाही.

पैशावर लक्ष ठेवायला पुष्कळ शहरं नागरिकांची देखरेख समिती नेमतात. तिला किती अधिकार आहेत ते ठरावात वाचा. पुष्कळ ठिकाणी ती फक्त सल्ला देते. तिच्या बैठकांना पाच-सात माणसं असतात, त्यांतले दोन कंत्राटदार. वर्षाचा अहवाल मात्र जाहीर होतो. त्यात जमा किती, खर्च किती, आणि कुठल्या कामाचा खर्च मूळ अंदाजाच्या वर गेला, ही तीन पानं काढून वाचायला अर्धा तास पुरतो. पुढचं पत्रक दारात येईल तेव्हा ती पानं हाताशी असू द्या.